सरीसृपांतील भूकनियंत्रक हॉर्मोने

सरपटणाऱ्या प्राण्यांत अन्नग्रहण, पचन व ऊर्जेचा साठा यांचे नियमन करणारी हॉर्मोने (सरळ रक्तात मिसळणारे उत्तेजक स्राव) व त्यांचे जीन (आनुवंशिक लक्षणांची एकके).

पृष्ठवंशी (पाठीचा कणा असलेल्या) प्राण्यांत भुकेची सूचना मुख्यतः जठर व मेद यांपासून मेंदूतील अधोथॅलॅमसाकडे जाते. १९९४ मध्ये शोध लागलेले मेदातील लेप्टीन हे हॉर्मोन भूक कमी करते, तर जठरातील घ्रेलिन ती वाढविते. कोजिमा, कांगावा व त्यांचे सहकारी या जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये घ्रेलिन वेगळे केले. मानवी घ्रेलिनात २८ ॲमिनो अम्ले असून त्यांपैकी तिसऱ्यास ऑक्टॅनॉइक अम्ल जोडले गेल्यावरच ते कार्यक्षम होते. ही जोडणी करणारे एंझाइम २००८ मध्ये ओळखले गेले.

कासवांत घ्रेलिन आढळते. सापांच्या जीनोमांत (संपूर्ण आनुवंशिक संचांत) मात्र घ्रेलिनाचा व सदर एंझाइमाचा असे दोन्ही जीन लुप्त किंवा निष्क्रिय झालेले आहेत. सरडगुहिऱ्यांतही हा लोप स्वतंत्रपणे झालेला आहे. हे प्राणी बहुधा दबा धरून भक्ष्य पकडतात व दीर्घकाळ उपाशी राहू शकतात; या जीवनपद्धतीशी लोपाचा संबंध असावा, असे मानतात. ब्रह्मी अजगर कित्येक महिने निराहार राहतो. मोठे भक्ष्य गिळल्यावर मात्र त्याचा चयापचय (शरीरातील रासायनिक घडामोडी) अनेक पटींनी वाढतो आणि दोन-तीन दिवसांत आतडे व यकृत यांचे आकारमान वाढते. त्याचा जीनोम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

सापांच्या आहाराचा प्रश्न व्यवहारातही महत्त्वाचा आहे. परळ (मुंबई) येथील हाफकिन संस्थेत प्रतिविषाच्या कार्यासाठी विषारी साप बाळगले जात. तेथील पी. जे. देवरस यांचा भारतीय सापांवरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिविषासाठी नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष घोड्यांना अल्प मात्रेत टोचतात. त्याकरिता निरोगी साप लागतात. बंदिवासातील साप पुष्कळदा अन्न नाकारतात. तथापि काही काळचा उपवास म्हणजे रोगच नव्हे. नागपंचमीस नाग दूध पितो, हा समजही चुकीचा आहे. साप मांसाहारी असून दूध हा त्यांचा आहार नाही. पाण्याविना ठेवलेला नाग भुकेने नव्हे, तर तहानेने दूध पितो व ते त्यास अपायकारक ठरते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये नागास संरक्षण आहे. [⟶ साप].