तुडतुड्याची घाई, सारसाची संथ चाल

उत्क्रांती म्हटली की डायनासोर आणि माकडं आठवतात. लाखो वर्षांचं काम, आपल्या हयातीत काही दिसायचं नाही, हा समज पक्का. पण गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांधीत ती वारंवार घडते. उत्क्रांतीचा हिशेब वर्षांत नाही, पिढ्यांत होतो. धानावरची कीड असलेला तपकिरी तुडतुडा जेमतेम महिनाभरात अंड्यातून प्रौढ होतो आणि मादी शेकड्यांनी अंडी घालते. माणसाची एक पिढी सरते तोवर त्याच्या शंभराहून अधिक पिढ्या होऊन जातात.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं 1973 मध्ये तुडतुड्याला दाद न देणारा ‘आयआर 26’ हा वाण आणला. दोन-तीन वर्षांत त्यावर पोसणारे तुडतुडे हजर! इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक 1990 च्या दशकात आलं. 2005 च्या सुमारास आशियातल्या अनेक देशांत तुडतुडा त्याला जुमानेनासा झाला. आपल्याकडे 2017 च्या खरिपात पूर्व विदर्भातला धान तुडतुड्यानं असा खाल्ला, की कापसाच्या बोंडअळीबरोबर त्याच्यासाठीही सरकारी मदत जाहीर करावी लागली.

‘कीड औषधाला सरावली,’ असं कृषी केंद्रावर सर्रास ऐकू येतं. हे दारू पचवायला शिकलेल्या माणसाचं वर्णन झालं. एकटा तुडतुडा आयुष्यात काही शिकत नाही. लाखोंमध्ये मोजक्यांच्या अंगात विष झपाट्यानं मोडणारं विकर मुळातच जास्त असतं. फवाऱ्यात बाकीचे मरतात, हे उरतात, आणि पुढची पिल्लावळ यांची. औषध नवी कीड घडवत नाही, असलेल्यांतून निवडते.

मग ‘डोस वाढवा, दोन औषधं एकत्र मारा’ हा उपाय कुठे नेतो? निवड आणखी कडक होते. शिवाय तुडतुडे बसतात बुंध्याशी, पाण्यालगत, त्यांची अंडी पानाच्या आवरणात; फवारा पडतो वरच्या पानांवर. त्यात मरतात ते कोळी आणि अंडी शोषणारे ढेकूण, म्हणजे तुडतुड्याचे वैरी. इंडोनेशियानं 1986 मध्ये धानावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, ती याच अनुभवातून.

‘तंत्रज्ञान पुढेच असतं’ हेही अर्धंच खरं. नवं कीटकनाशक बाजारात यायला दहाहून अधिक वर्षं लागतात; तोवर तुडतुड्याच्या कित्येक पिढ्या होऊन गेलेल्या असतात.

आणि वेग सगळ्यांना सारखा नसतो. याच बांध्यांत आणि तलावांच्या काठी सारस घरटं करतो. साधारण दोन अंडी, तीही बहुधा वर्षातून एकदा. पिल्लू जोडी जमवण्याच्या वयाला यायला काही वर्षं जातात. वीजतारा, कीटकनाशकं, आटत चाललेली पाणथळ जमीन, एवढे बदल त्याच्या दोन-चार पिढ्यांतच अंगावर आले. महाराष्ट्रात मोजकेच सारस उरलेत, बहुतेक गोंदिया-भंडाऱ्यात. इतक्या थोड्या पक्ष्यांत निवडायला वेगळेपण तरी किती असणार? त्यामुळे तारा हलवायच्या त्या माणसानंच.