बिनपैशाच्या खेळातला इंटरनॅशनल

राहुल बोस म्हटलं की तुम्हाला ‘दिल धडकने दो’मधला प्रियांका चोप्राचा तो मख्ख नवरा आठवेल. तुमच्या आई-बाबांना विचारा, ते ‘झंकार बीट्स’ म्हणतील. जरा वेगळे सिनेमे बघणारं कोणी घरात असेल तर ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’. पण हा माणूस भारताकडून रग्बी खेळलाय, आणि तेही भारताच्या पहिल्यावहिल्या इंटरनॅशनल टीममधून, हे पटकन कोणी सांगणार नाही.

आता रग्बी म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेलच असं नाही. आपण रायगडवाले, आपल्याकडे गावोगाव कबड्डीची मंडळं. मग असं समजा: रेडरची कमरेतून पकड करता ना, तशीच पकड, पण समोरचा पूर्ण वेगात पळत येतोय, त्याच्या हातात लंबगोल चेंडू आहे आणि खाली मॅट नाही. एक विचित्र नियम आहे. पळायचं पुढे, पण हाताने पास द्यायचा तो मागेच.

मुंबईत हा खेळ भर पावसात, चिखलात चालतो. मानसरोवरहून हार्बर पकडून सीएसएमटीला उतरलात की चालत जाता येईल इतक्या अंतरावर, आझाद मैदानाला लागून बॉम्बे जिमखाना आहे, 1875 चा. शहरातल्या रग्बीचं हे जुनं घर.

गंमत अशी की भारताचं रग्बीशी नातं खूप जुनं आहे. 1872 च्या ख्रिसमसला कलकत्त्यात इंग्रजांनी सामना भरवला, पुढच्या वर्षी क्लब काढला. काही वर्षांत मेंबर गळाले. तेव्हा बँकेतली चांदीची 270 रुपयांची नाणी वितळवून त्यांनी एक कप बनवला आणि इंग्लंडला पाठवून दिला. झाकणावर हत्ती, हँडलला नाग. तो ‘कलकत्ता कप’. 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्यासाठी खेळतात. कप आपल्या रुपयांचा, पण भारताची स्वतःची टीम इंटरनॅशनल स्पर्धेत उतरायला 1998 उजाडलं!

त्या टीममध्ये राहुल होता. तेव्हा तो तिशी ओलांडलेला. कधी स्क्रम-हाफ, कधी विंगर. स्क्रम-हाफ म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांत डोकी खुपसून ढकलाढकली करत असताना त्यांच्या पायांतून बॉल काढून झटकन पास देणारा. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने सुसाट सुटणारा.

मला इथे एक गोष्ट भारी वाटते. रग्बी खेळून तेव्हा आपल्याकडे कोणाचंही घर चालत नव्हतं. राहुल सिडनहॅम कॉलेजचा. आधी जाहिरात कंपनीत कॉपीरायटर, मग 1994 च्या ‘इंग्लिश, ऑगस्ट’नंतर पूर्णवेळ अभिनेता. म्हणजे ज्याचा चेहरा हेच ज्याचं भांडवल, तो माणूस नाक फुटण्याची पूर्ण सोय असलेला खेळ खेळत होता. रग्बी की करिअर, असा निकाल त्याने लावलाच नाही.

हां, मुंबईच्या कॅथेड्रल शाळेतून आलेल्याला हे जरा सोपं जातं, हेही खरं. आपल्याकडे स्टील मार्केटमध्ये पार्टटाइम काम करून कॉलेज करणाऱ्याला ‘छंद जोपासा’ म्हणून सांगणं सोपं आहे; त्याच्याकडे संध्याकाळच उरत नाही.

म्हणूनच राहुल मैदानाबाहेर काय करतो, ते बघायला हवं. 2004 च्या त्सुनामीनंतर तो अंदमान-निकोबारला मदतकार्यात उतरला. 2006 मध्ये ‘द फाउंडेशन’ ही संस्था काढली. तिथल्या मुलांना मुख्य भूमीवरच्या चांगल्या शाळेत शिकवायचं काम त्यातून झालं. 2017 मध्ये त्याने ‘पूर्णा’ हा सिनेमा केला. दिग्दर्शन त्याचं, पडद्यावरही तो. तेलंगणाची मालावत पूर्णा 13 वर्षं 11 महिन्यांची असताना एव्हरेस्टवर पोचली, त्याची ही गोष्ट.

आणि 2022 मध्ये तो भारतीय रग्बी संघटनेचा, म्हणजे ‘रग्बी इंडिया’चा अध्यक्ष झाला. तोवर खेळणारे चेहरेच बदलले होते. 2019 मध्ये मनिलात भारताच्या मुलींनी सिंगापूरला 21-19 ने हरवलं. पंधरा जणींच्या रग्बीतला हा भारताचा पहिला इंटरनॅशनल विजय. निर्णायक किक मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकने. कॅप्टन होती पुण्याची वाहबिज भरुचा. ती फिजिओथेरपिस्टसुद्धा आहे, म्हणजे खेळासोबत दुसरं काम इथेही आहेच. बिहारच्या बाढ भागातली स्वीटी कुमारी आधी धावपटू होती. रग्बीत आली आणि आशियातली सर्वांत वेगवान खेळाडू म्हणून गाजली. जिमखान्याचं मेंबरशिप कार्ड यांतल्या कोणाला लागलं नाही.

जून 2025 मध्ये अंधेरीत पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा टीम, परदेशी आणि आपले खेळाडू एकाच जर्सीत. चेन्नई बुल्स जिंकले. रग्बीत पैसा यायला सुरुवात झाली, असं आता म्हणता येईल. पोट भरेल इतका? एका लीगवर नोकरी सोडू नका, एवढंच मी म्हणेन. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यावर डोळा असेल तर कुठला खेळ आणि कुठल्या स्पर्धा धरतात, ते चालू जीआर काढून स्वतः वाचा. मित्राच्या मित्राने सांगितलेलं धरून चालू नका.

करून बघायचंच असेल तर सात जणांच्या ‘सेव्हन्स’पासून सुरुवात करा. ऑलिम्पिकमध्ये 2016 पासून हाच प्रकार आहे. सामना फक्त 14 मिनिटांचा, पण दुसऱ्या हाफला फुप्फुसं बाहेर येतात. कॉलेजच्या स्पोर्ट्स टीचरना पकडा, दोन-चार कबड्डीवाले आणि एखादी शंभर मीटरवाली सोबत न्या. पहिले काही दिवस टॅकल नकोच, नुसता टच रग्बी खेळा. टॅकल शिकाल ते कोचसमोरच: पकड खांद्याच्या खाली, स्वतःचं डोकं बाजूला. आणि तोंडात माउथगार्ड हवाच, दात परत येत नाहीत.