कोंबड्याची मान आणि जीवनसत्त्वाची बाटली

(द्वितीय वर्ष, कला)

'कोंबड्यांना द्यावयाची जीवनसत्त्वे' या विषयावर वार्षिकासाठी लिहिते आहे असे सांगितले, तेव्हा वर्गातल्या मैत्रिणी तोंडाला ओढणी लावून हसल्या. कला शाखेच्या मुलीने कवितेवर लिहावे, फार तर सहलीवर लिहावे, अशी साधारण समजूत असते. परंतु आमच्या प्राध्यापकांनी "जे ठाऊक आहे त्यावर लिहा" असे सांगितले होते, आणि कविता मला तितकीशी ठाऊक नाही. कोंबड्या ठाऊक आहेत. त्यातही एका चुकीमुळे त्या अधिक ठाऊक झाल्या.

मी बारावीत होते. फाल्गुन महिना होता. आमच्या खुराड्यात लहानमोठे चौदा पक्षी होते आणि त्यांत एक तांबडा कोंबडा होता. एके सकाळी आई म्हणाली, "तांबड्याची मान फिरलीया, बघ जरा." पाहिले तर मान पिळल्यासारखी एका बाजूला वळलेली. दाण्यावर चोच मारायला जाई आणि चोच भलतीकडेच पडे. तालुक्याच्या गावी खाद्याच्या दुकानात विचारले, तर दुकानदाराने जीवनसत्त्वांची एक बाटली पुढे केली. बाटलीवरचा मजकूर इंग्रजीत. आमच्या घरात तो वाचणारी मी एकटी. 'जीवनसत्त्वाच्या अभावी मान वाकडी होते' असे कोठेतरी वाचलेले मला आठवले आणि मी मोठ्या ऐटीत सर्वांना समजावून सांगितले की, हा अशक्तपणा आहे, औषधाने जाईल. चार दिवस पाण्यात औषध घातले. आठ दिवसांत चौदांपैकी अकरा पक्षी गेले. तांबडा तर तिसऱ्याच दिवशी गेला.

पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यातील पर्यवेक्षक आले. हिरवट पातळ विष्ठा, श्वासाची घरघर, एकामागून एक पडणारे पक्षी, हे ऐकून त्यांनी एकच शब्द उच्चारला : मानमोडी. पुस्तकात ज्याला राणीखेत म्हणतात तोच हा रोग. राणीखेत हे कुमाऊँमधील गाव. १९२० नंतरच्या दशकात आपल्या देशात हा रोग तेथे ओळखला गेला म्हणून ते नाव पडले. तो विषाणूचा रोग आहे आणि त्यावर औषध नाही, फक्त आधी टोचलेली लस आहे. मी लेबल बरोबर वाचले होते, कोंबडा चुकीचा वाचला होता.

मग त्या बाटलीत होते तरी काय, आणि जीवनसत्त्वाच्या अभावी मान खरोखर केव्हा वळते, या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात शोध घेतला, तेव्हा एक गमतीची गोष्ट कळली. माणसाने कोंबड्यांना जीवनसत्त्वे दिली खरी. पण जीवनसत्त्व नावाची वस्तू असते हे माणसाला आधी कोंबड्यांनीच शिकविले.

हकीगत जावा बेटातील बटाविया शहराची, म्हणजे आजच्या जकार्ताची आहे. तेथे त्या वेळी डच सत्ता होती आणि सैनिक व कैदी बेरीबेरीने हैराण झाले होते. पाय लुळे पडत, हृदय थकून माणूस मरे. क्रिस्तियान आइकमान नावाचा डच डॉक्टर तेथील प्रयोगशाळेत या रोगाचा जंतू शोधीत होता. १८८९ साली त्याने प्रयोगासाठी पाळलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. ज्यांना रोग्याचे रक्त टोचले होते त्या पडल्या, आणि ज्यांना काहीच टोचले नव्हते त्याही पडल्या. जंतूचा हिशेब जुळेना. आणि नोव्हेंबरच्या अखेरीस त्या आपोआप बऱ्या झाल्या! चौकशीअंती उलगडले की, मधल्या पाच महिन्यांत प्रयोगशाळेचा गडी त्यांना लष्करी रुग्णालयातील उरलेला, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात घालीत असे. पुढे स्वयंपाकी बदलला. सरकारी लष्करी भात बिनलष्करी कोंबड्यांना कशाला, असे म्हणून नव्या स्वयंपाक्याने तो बंद केला. मग कोंबड्यांना पूर्वीसारखा असडी तांदूळ मिळू लागला आणि त्या उठून चालू लागल्या. (त्या स्वयंपाक्याच्या चिकूपणाला नोबेल पारितोषिकातला थोडा वाटा द्यायला हरकत नव्हती, असे मला वाटते.)

पुढे फोर्डरमान या अधिकाऱ्याने जावातील सुमारे शंभर तुरुंगांची पाहणी केली. जेथे पांढरा तांदूळ होता तेथे बेरीबेरी फार, जेथे कोंड्यासहित तांदूळ होता तेथे जवळजवळ नाही, असे आढळले. तरीही आइकमानला बरीच वर्षे वाटत राहिले की, भातात काही विष असावे आणि कोंडा हा त्यावरचा उतारा असावा. १९०१ मध्ये त्याचा सहकारी ग्राइन्स याने सरळ सांगितले की, विष वगैरे काही नाही; कोंड्यात असे काहीतरी आहे की ज्यावाचून शरीर चालत नाही. त्या 'काहीतरी'ला १९१२ मध्ये काझीमीर फुंक याने 'व्हिटामिन' हे नाव दिले. आइकमानला १९२९ चे नोबेल मिळाले. त्याच सुमारास कोपनहेगनमध्ये हेन्रिक दाम हा कोंबडीच्या पिल्लांना स्निग्धांश काढून टाकलेले खाद्य घालून पाहत होता. त्या पिल्लांच्या कातडीखाली रक्त साकळू लागले, गोठेचना. त्यातून जीवनसत्त्व 'के' सापडले. 'के' हे अक्षर 'कोआग्युलेशन', म्हणजे रक्त गोठणे, या शब्दाचे. दामला १९४३ चे नोबेल मिळाले. आपण मराठीत 'सी' या जीवनसत्त्वाला 'क' म्हणतो, त्यामुळे 'क' आणि 'के' यांत गोंधळ होतो. माझा तोंडी परीक्षेत झाला आहे.

आता मानेकडे वळू. आइकमानच्या कोंबड्यांना जे कमी पडले ते जीवनसत्त्व ब-१. ते अगदी संपले की पक्ष्याची मान मागे पाठीकडे ओढली जाते आणि तो आभाळाकडे पाहत बसल्यासारखा दिसतो. जीवनसत्त्व ई कमी पडले की दोन ते चार आठवड्यांच्या पिल्लाच्या मेंदूला इजा होते. ते डोके वेडेवाकडे वळवून कोलमडते. ब-२ कमी पडले तर मानेला काही होत नाही, पायाची बोटे मुठीसारखी आत वळतात आणि पिल्लू घोट्यांवर बसून सरकते. म्हणजे मान वाकडी होते हे माझे वाचलेले खोटे नव्हते. पण अभावाचा रोग हळूहळू येतो. तो एकच खाणे आठवड्यानुआठवडे खाणाऱ्या, बहुधा कोंडलेल्या पिल्लांत येतो. त्यात घरघर नसते, हिरवी विष्ठा नसते, आणि तो शेजारच्या खुराड्यात उडी मारीत नाही. शिवाय ब-१ च्या अभावाने मान टाकलेल्या पक्ष्याला ते दिले, तर काही तासांत तो सावरतो. आमचा तांबडा दोन दिवस औषध पिऊनही सावरला नाही, तेव्हाच मी शंका घ्यायला हवी होती.

आणखी एक खूण आहे. उकिरडा उकरणाऱ्या गावठी कोंबड्याला जीवनसत्त्वांची वाण सहसा पडत नाही. ऊन त्याच्या उघड्या कातडीवर पडते तेव्हा 'ड' जीवनसत्त्व शरीरातच तयार होते. हिरव्या पाल्यातून 'अ' मिळते. किडे आणि उकिरड्यातली माती यांतून ब-१२ मिळते. 'क' तर कोंबडी स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते; आपल्याला ते जमत नाही. हे सारे आपण चार भिंती, जाळी आणि पत्रा घालून बंद केले की तेच बाटलीतून द्यावे लागते. थंड देशांत १९२० च्या दशकाआधी कोंबड्या हिवाळाभर घरात ठेवल्या की त्यांच्या पायांतले बळ जाई. कॉड माशाच्या यकृताचे तेल देऊ लागले तेव्हा कुठे त्या बंद घरात जगू लागल्या. मोठमोठे पोल्ट्री फार्म उभे राहिले ते या तेलाच्या आधाराने, असे म्हटले तरी चालेल.

मग घरच्या कोंबड्यांना बाटली केव्हा द्यावी? आमच्याकडे पांढरी ज्वारी घालतात. तिच्यात 'अ' नसल्यासारखेच असते. पिवळ्या मक्यात आणि शेवग्याच्या पाल्यात, लसूणघासात ते असते. उन्हाळ्यात पाला सुकतो तेव्हा डोळे चिकटणे, घशात पांढरे ठिपके दिसणे, असे होऊ शकते. अशा वेळी, तसेच लस टोचल्यावर, दूरवर नेल्यावर किंवा कडक उन्हाळ्यात चार-पाच दिवस बाटली दिली तर उपयोग होतो. बीजाच्या कोंबड्याला 'अ' आणि 'ई' कमी पडले तर अंडी फुटत नाहीत, पोकळ निघतात. कोंबडीलाच ब-२ कमी असेल तर पिल्लू अंड्यातच मरते; आई अंड्यात जेवढे घालील तेवढीच त्याची शिदोरी. परंतु गोणीतले तयार खाद्य ताजे असेल तर त्यात ही सारी जीवनसत्त्वे आधीच मिसळलेली असतात. वर पुन्हा बाटली ओतणे म्हणजे नुसता खर्च होय. गोणी मात्र कित्येक महिने उघडी, दमट जागी पडलेली असली, तर त्यातले सत्त्व उडते.

मापाचे तर विचारूच नका. बाटलीवर 'शंभर पिल्लांना रोज पाच मि.ली.' असे लिहिलेले असते. एका मि.ली.त साधारण वीस थेंब धरले, तर पाच मि.ली. म्हणजे शंभर थेंब. म्हणजे एका पिल्लाला दिवसाला एक थेंब! आम्ही चौदा पक्ष्यांना टोपणभर ओतले होते. ब गटातले अधिक झाले तर विष्ठेवाटे निघून जाते. 'अ' आणि 'ड' मात्र शरीरात साठतात, आणि 'ड' फार झाले की मूत्रपिंडात चुना साचतो. औषधाचे पाणी सकाळी, पक्षी तहानलेले असताना, दोन-तीन तासांत संपेल एवढेच करावे आणि सावलीत ठेवावे. उरलेले ओतून द्यावे. उन्हात आणि उघड्या भांड्यात ही द्रव्ये टिकत नाहीत. रक्ती हगवणीवर अँप्रोलियम चालू असेल तर ब-१ असलेली बाटली त्या दिवसांत देऊ नये. ते औषध ब-१ चा वेष घेऊन रोगजंतूला उपाशी मारते. आपणच ब-१ पुरविले तर जंतूला आयता घास मिळतो. हे मला फार नवलाचे वाटले.

आता लशीविषयी, कारण माझा हिशेब तेथेच चुकला होता. बाटली कोणत्याही दुकानात, लागेल तेव्हा मिळते. लशीची कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांच्या मापाची असते, बर्फात आणावी लागते, आणि कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते. दहा-बारा कोंबड्यांचे एकटे घर ती आणीत नाही. म्हणून आम्ही बाटली आणतो. गेल्या वर्षी भाद्रपदात मी वाडीतली नऊ घरे फिरले. कोणाच्या किती कोंबड्या, पिल्ले कधी निघाली, हे वहीत लिहिले, आणि पर्यवेक्षकांना एकाच सकाळी बोलाविले. आठवड्याच्या पिल्लांना लासोटा लशीचा एकेक थेंब डोळ्यात घातला. एका आजींनी "डोळं जातील पोरी पिल्लांचं" म्हणून आपली टोपली पदराखाली झाकून धरली होती; शेवटी त्यांनीही काढली. दुसरी खेप, आठव्या आठवड्याची, दिवाळीच्या सुट्टीत झाली. ती पंखाखाली सुईने टोचतात. पक्षी धरून ठेवायचे काम माझ्याकडे होते. आमच्या नव्या कोंबड्याने, तोही तांबडाच आहे, माझ्या मनगटावर नखाचा जो ओरखडा काढला तो अजून दिसतो.