पाणी उडते, चुना उरतो

सोलापुरात नवी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला चार अनुभवी लोक एकच सल्ला देतात : पांढरी घ्या. कारण विचारले तर ऊन सांगतात आणि ते खरेही आहे, पांढरी गाडी कमी तापते. पण आणखी एक कारण आहे, ते सहसा कोणी बोलून दाखवत नाही. पांढऱ्या गाडीवर पाण्याचे डाग दिसत नाहीत. हौसेने काळी किंवा गडद निळी गाडी घेतलेल्या माणसाला मात्र पहिल्याच रविवारी कळून चुकते, की गाडी धुणे एक आणि गाडी स्वच्छ दिसणे दुसरे. अंग मोडून तासभर धुवावी, चहाचा कप संपवून पुन्हा बाहेर यावे, तर बॉनेटवर पांढऱ्या गोल वर्तुळांची रांगोळी उमटलेली असते.

हे डाग धुळीचे नसतात आणि साबणाचेही नसतात. ते पाण्याचेच असतात; किंबहुना पाणी गेल्यावर जे मागे राहते त्याचे असतात. पस्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे मला प्रत्येक गोष्टीत जमा, खर्च आणि शिल्लक दिसते. इथे हिशेब सरळ आहे. बादलीतून गाडीवर दोन गोष्टी येतात, पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार. ऊन त्यातली एकच घेऊन जाते.

आपला जिल्हा बेसाल्टच्या काळ्या खडकावर वसलेला आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेते, त्यामुळे किंचित आम्ल होते आणि खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम हळूहळू विरघळवत खाली जाते. बोअरमधून आपण वर काढतो ते हे पाणी. डोळ्यांना ते स्वच्छ दिसते, पण त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. हे पाणी उडून जाऊ लागले की त्यातला वायू निसटतो आणि विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होतो. नळाच्या तोटीवर, गीझरच्या कॉइलवर, उन्हाळ्याच्या शेवटी कूलरच्या जाळ्यांवर जो पांढरा थर आपण खरवडतो, तोच गाडीवर गोल डाग होऊन बसतो.

डाग वर्तुळाकार का, मध्ये फिकट आणि कडेला ठळक का, याचेही उत्तर आहे. थेंबाची कड एका जागी धरलेली असते आणि तिथले पाणी लवकर उडते. ती तूट भरून काढायला मधले पाणी कडेकडे वाहते आणि आपल्याबरोबर सगळा ऐवज तिकडे नेऊन टाकते. कॉफीच्या सांडलेल्या थेंबाचा डाग असाच का पडतो, याचा उलगडा शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली केला.

आता आकडे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावी. बोअरचे पाणी या वरच्या मर्यादेवर आहे असे समजा आणि धुऊन झाल्यावर गाडीच्या अंगावर अर्धा लिटर पाणी राहिले असे धरा. ते वाळले की ३०० मिलिग्रॅम चुना शिल्लक राहतो, म्हणजे औषधाच्या एका छोट्या गोळीएवढा. दर रविवारी ही ठेव जमा होत गेली आणि कोणी ती उचललीच नाही, तर वर्षाअखेर पंधरा ग्रॅमच्या वर जाते. जुना थर नुसत्या फडक्याने निघत नाही. बँकेतली ठेव वाढलेली बरी वाटते, ही वाढलेली बरी नाही.

हे सगळे मी इतक्या बारकाईने पाहिले ते एका मुलाच्या पोटापाण्याच्या प्रश्नामुळे. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत एक तरुण सकाळी गाड्या धुवायला येतो. अकरा गाड्या त्याच्याकडे आहेत. सहाला सुरुवात करतो, शेवटची गाडी हातात येईपर्यंत साडेनऊ वाजतात. ती शेवटची गाडी आमच्या शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांची. गाडी काळी, आणि सरांची नजर वह्या तपासून तयार झालेली. एका महिनाअखेरीस त्यांनी त्याला फाटकातच थांबवले. ‘‘तू हात नीट फिरवत नाहीस. हे डाग बघ. पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस.’’

‘‘सर, पाणीच तसलं हाय की ओ,’’ तो म्हणाला. ‘‘मी चार वेळा पुसलो तरी येतंय.’’

सरांना ही सबब वाटली. एका घराचा पगार गेला तर त्याचे भागले असते. पण कॉलनीत एका घराने काढलेल्या माणसाकडे बाकीची दहा घरेही संशयाने बघू लागतात. बँकेत असताना अशा वेळी आम्ही आधी खाते तपासत असू, माणूस नंतर. स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला काळ्या ग्रॅनाइटचा एक गुळगुळीत तुकडा माझ्याकडे पडून होता. त्यावर मी चार थेंब टाकले : बोअरचे पाणी, महापालिकेच्या नळाचे पाणी, इन्व्हर्टरसाठी आणलेल्या कॅनमधले डिस्टिल्ड वॉटर आणि सरांच्याच घरची ती बादली, जिच्यात पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी साठवून ते काटकसरीने गाडीसाठी देत असत. तुकडा उन्हात ठेवला. तासाभराने डिस्टिल्ड वॉटरची जागा सापडेना. नळाच्या पाण्याचे कडे पुसट होते. बोअरचे ठळक होते आणि आरओच्या बादलीचे सगळ्यांत जाड.

यात गूढ काही नाही. आरओ यंत्र क्षार नाहीसे करत नाही, फक्त वाटणी करते. गोड पाणी आपल्या पेल्यात आणि जवळजवळ सगळे क्षार सोडून दिलेल्या पाण्यात. म्हणजे त्या मुलाच्या हाती घरातले सगळ्यांत क्षारयुक्त पाणी दिले जात होते, तेही ऊन चढल्यावर. सरांनी ग्रॅनाइटचा तुकडा चष्मा वर करून पाहिला, बोटाने कडे घासून पाहिले आणि त्या मुलाला म्हणाले, ‘‘उद्या आमची गाडी पहिली घे.’’ माफी वगैरे काही मागितली नाही. पण तो मुलगा अजून येतो.

आरओचे पाणी वाया घालवू नये हा सरांचा विचार मात्र शंभर टक्के बरोबर होता, आणि सोलापुरात तो बरोबर असलाच पाहिजे. नळाला रोज पाणी येत नाही, चार-चार पाच-पाच दिवस वाट पाहावी लागते, हे या शहराने गेली कित्येक वर्षे सोसले आहे. उजनी धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते. बँकेच्या भाषेत हा ओव्हरड्राफ्ट. अशा गावात पाइप लावून गाडी धुणारा माणूस किती पाणी खर्च करतो, हे मी घड्याळ लावून मोजले. आमच्या पाइपने पंधरा लिटरची बादली सव्वा मिनिटात भरते. म्हणजे मिनिटाला बारा लिटर आणि वीस मिनिटांच्या धुण्याला २४० लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असा सरकारी निकष आहे. एका गाडीच्या अंघोळीत जवळजवळ दोन माणसांचा दिवस वाहून जातो. आणि एवढे करूनही डाग पडायचे ते पडतातच, कारण डाग न पडणे हे किती पाणी ओतले यावर ठरत नाही. पाणी वाळण्याआधी ते टिपले की नाही, यावर ठरते.

म्हणून आमच्या कॉलनीत आता जी पद्धत रूढ झाली आहे ती सांगतो. तीन बादल्या पुरतात. वेळ उन्हे येण्यापूर्वीची किंवा संध्याकाळची, आणि बॉनेटला हात लावून ते थंड आहे ना हे आधी पाहायचे. कोरड्या धुळीवर फडके मारायचे नाही, त्याने बारीक ओरखडे उठतात. पहिली बादली धूळ भिजवून खाली सोडायला. इथे आरओचे पाणी खुशाल वापरावे. दुसऱ्या बादलीत गाडीचा शॅम्पू. भांड्यांची पावडर नको, ती गाडीवरचे मेण काढून टाकते. छतापासून सुरुवात करून खाली यायचे आणि फडके वेगळ्या तांब्याभर पाण्यात खळबळून मगच पुन्हा शॅम्पूत बुडवायचे. तिसरी बादली नळाच्या चांगल्या पाण्याची, शेवटच्या धुण्यासाठी. मग हबके मारू नयेत. तांब्या अंगाशी धरून पाणी वरून संथ सोडावे, म्हणजे ते पडद्यासारखे घसरते आणि जाताना बरेचसे थेंब बरोबर नेते. सगळी गाडी एकदम भिजवू नये. एक बाजू धुवावी, पुसावी, मग दुसरी घ्यावी.

पुसण्याच्या बाबतीत आपण सोलापूरकर भाग्यवान. सगळ्या देशाचे अंग पुसणारा टर्किश टॉवेल आपल्या गावच्या यंत्रमागावर विणला जातो आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण कोरा टॉवेल आणू नये. कोऱ्या कापडाला पाणी पटकन धरत नाही. चार-सहा वेळा धुऊन मऊ झालेला, घरात निवृत्तीला आलेला टॉवेल उत्तम. त्याचे सुताचे फासे पाणी वर ओढून घेतात. कडेची जाड शिवण कापून टाकावी, तिने चरे पडतात. धुताना कपडे मऊ करणारे द्रव घालू नये, त्याने टॉवेल पाणी शोषेनासा होतो. टॉवेल घासायचा नाही. पसरून ठेवायचा आणि अलगद आपल्याकडे ओढायचा. त्यामागून दुसरा कोरडा टॉवेल किंवा मायक्रोफायबरचे फडके. मग दारे उघडून कडा पुसायच्या, आरशांच्या मागे, दाराच्या कड्यांत आणि नंबरप्लेटखाली दडलेले पाणी टिपायचे. फसवतात ते हेच थेंब. पाच मिनिटांनी हळूच बाहेर येतात आणि ओघळ सोडून जातात.

घरात फक्त बोअरचेच पाणी असेल तर शेवटी टॉवेल डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंवा एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात भिजवून, पिळून एक हात फिरवावा. एसीचे पाणी हवेतल्या बाष्पाचे असते, त्यात चुना नसतो. लिटरभरात काम होते. आधीच बसलेल्या डागांवर आपल्या आजीचा उपाय, आंबटाचा. तिने तांब्याच्या हंड्याला चिंच लावली, आपण पांढरे व्हिनेगर तितक्याच डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून घ्यावे. आधी एका कोपऱ्यात करून पाहावे. गाडी थंड असताना मिनिटभर ओले फडके ठेवायचे, पुसायचे आणि साध्या पाण्याने धुऊन कोरडे करायचे. एवढ्याने गेला नाही तर तो डाग रंगावरच्या पारदर्शक थरात शिरलेला असतो. हा थर केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतो, तेव्हा घरी घासत बसण्यापेक्षा जाणकाराकडून पॉलिश करून घ्यावे.

दसऱ्याला आपल्याकडे प्रत्येक वाहन धुतले जाते. ऑक्टोबरचे ऊन, मुहूर्ताची घाई, बोअरचा पाइप, आणि ओल्या बॉनेटवर घाईघाईने झेंडूचा हार. यंदा एवढेच करा : गाडी आदल्या संध्याकाळी तीन बादल्यांत धुऊन कोरडी करून ठेवा. मुलांना सुट्टी असतेच, त्यांच्या हातात एकेक जुना टॉवेल द्या. आणि तुमच्याकडे कोणी गाडी धुवायला येत असेल, तर त्याला सावलीतली वेळ द्या, बरे पाणी द्या आणि दोन चांगले टॉवेल द्या. तरीही डाग पडले, तर मग हवे तर त्याच्याशी बोला.