पदयात्रेतला जनरेटर: आधी चार्जर, मग इंजिन

रामनवमी ते चैत्र पौर्णिमा हा सप्तशृंगगडावरच्या चैत्रोत्सवाचा काळ. त्यासाठी जळगाव-धुळ्याकडच्या गावोगावच्या पदयात्रा आधीच वाटेला लागतात. पारोळा, धुळे, मालेगाव, देवळा, कळवण करत नांदुरीला, घाटाच्या पायथ्याशी पोहोचतात. चालणाऱ्यांच्या मागे एखादा छोटा हत्ती असतो. त्यात शिधा, पाण्याचे जार, अंथरुणं आणि एका कोपऱ्यात इन्व्हर्टर-बॅटरी. मुक्कामाचे दिवे, आरतीचा माइक, सगळ्यांचे मोबाइल, सारी भिस्त तिच्यावर.

गाडी दिवसभर सुरू असते, मग बॅटरी आपोआप भरेल, असं वाटतं. पण पायी चालणाऱ्यांच्या वेगाने रांगणाऱ्या गाडीचं इंजिन मंद फिरतं. तिच्या अल्टरनेटरकडून एवढी मोठी जादा बॅटरी भरण्याइतका करंट मिळत नाही. म्हणून जनरेटर लागतो, आणि मंडळं भाड्याने मिळेल तो मोठ्यात मोठा उचलतात. एवढ्या मोठ्याची गरज नसते.

हिशोब मांडून पाहू. ९ वॉटचे ६ एलईडी दिवे ५ तास, म्हणजे २७० वॉट-अवर. २५ मोबाइलना प्रत्येकी १२ धरले तर ३००. स्पीकर सरासरी ५० वॉटने ४ तास, २००. एकूण ७७०. इन्व्हर्टरमधली घट धरून १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण ७५ अँपिअर-अवर जातात. १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी निम्मी उतरली. रोज त्याहून खाली उतरवली, तर तिचं आयुष्य घटतं.

आता भरणं. अशी बॅटरी साधारणपणे क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे १५ अँपिअरने भरतात. वाटेतली घट धरून ९० अँपिअर-अवर परत घालायचे, तर ६ तास हवेत. शेवटी करंट आपोआप उतरत जातो, म्हणून थोडे जास्तच. १४.४ व्होल्टला १५ अँपिअर म्हणजे २१६ वॉट. चार्जरमधली घट आणि पॉवर फॅक्टर धरला तरी जनरेटरवर ४००-४५० व्हीएचाच भार येतो. तिथे १ केव्हीए पुरतो. ५ केव्हीए आणला तरी बॅटरी एक मिनिटही लवकर भरत नाही, कारण वेग चार्जर ठरवतो. म्हणून आधी बॅटरी कंपनीने किती करंट सांगितला आहे ते पाहावं, तसा चार्जर घ्यावा आणि मग जनरेटर. लिथियम बॅटरी जास्त करंट घेते. तिला तिचाच चार्जर लागतो आणि जनरेटरचं गणित नव्याने मांडावं लागतं. जनरेटरवरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर मात्र विसंबू नये. करंट थोडाच मिळतो आणि बॅटरी भरल्यावर तो थांबवणारी सोय सहसा नसते.

साधा जनरेटर ५० हर्ट्झ टिकवण्यासाठी भार असो-नसो मिनिटाला ३००० फेरे घेतो. इन्व्हर्टर जनरेटर भार कमी झाला की वेग उतरवतो. तो महाग, पण पेट्रोल वाचतं आणि दमून झोपलेल्यांची झोपमोडही कमी होते. गडासारख्या उंचीवर हवा विरळ होते, इंजिनाची ताकद काहीशी घटते. तेवढी शिल्लक ठेवावी.

आणि हे चैत्रातलं खान्देशी ऊन! साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प याच उन्हावर चालतो. गाडीच्या टपावर ३३० वॉटचं एक पॅनल आणि चांगला सोलर चार्जर बसवला, तर चालता चालता दिवसभरात जवळपास सगळी भरपाई होते. मग जनरेटर पहाटे तास-दोन तास किंवा ढगाळ दिवशी पुरे.

पहाटे बॅटरीची झाकणं उघडून हायड्रोमीटर लावावा. रबरी फुगा दाबून सोडला की काचेच्या नळीत ॲसिड चढतं आणि तरंगणारा काटा आकडा दाखवतो. पूर्ण भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत तो १.२४च्या आसपास असतो. सगळ्या कप्प्यांत सारखा आला तर बॅटरी निरोगी. पाणी घालायचं ते डिस्टिल्डच.

सर्वांत मोठी काळजी धुराची. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. ताडपत्रीखाली, गाडीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात जनरेटर लावू नये; झोपण्याच्या जागेपासून निदान वीस फूट दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावा. इंजिन गार झाल्यावरच पेट्रोल भरावं. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून तीही मोकळ्या हवेत हवी, चुलीपासून लांब.

निघण्याआधी एक रात्र गावातच सगळे दिवे, माइक, मोबाइल लावून बॅटरी उतरवून पाहावी आणि सकाळी भरून पाहावी. या एका तालमीत मंडळाला नेमका किती मोठा जनरेटर हवा ते कळतं, आणि वाचलेले पैसे यात्रेकरूंच्या पाण्यावर, औषधांवर खर्च करता येतात.