अंगावर, पायांत, डोक्यावर : जपानी पेहरावाची क्रियापदे

सदरा, विजार, पादत्राण, टोपी, चष्मा, अंगठी, फार काय सुगंधी द्रव्यसुद्धा ‘वेअर’ या एकाच क्रियापदाच्या हवाली करून इंग्रजी भाषा मोकळी होते. आणि तिच्याच वाटेने जपानीकडे वळलेला पुण्यातल्या वर्गांतील विद्यार्थी कोशात ‘किरु’ हा प्रतिशब्द पाहून तोच सर्वत्र चालत असला पाहिजे, अशा समजुतीने ‘कुत्सु ओ किरु’, म्हणजे बूट अंगावर चढवतो, असे बिनदिक्कत बोलून जातो. वस्तुस्थिती अशी की, ‘किरु’चा अंमल खांद्यांवरून अंगभर किंवा धडावर येणाऱ्या वस्त्रांपुरता आहे. सदरा, कोट आणि किमोनो ही त्याची रयत. ‘किमोनो’ हे नावच मुळी त्या धातूपासून निघालेले असून त्याचा अक्षरार्थ ‘ल्यावयाची वस्तू’ एवढाच आहे. कमरेखालचा मुलूख ‘हाकु’चा. टोपी ‘काबुरु’, चष्मा ‘काकेरु’ म्हणजे अडकवणे, अंगठी व हातमोजे ‘हामेरु’ म्हणजे बेताचे बसवणे, नेकटाय व कमरेची ओबी ‘शिमेरु’ म्हणजे आवळणे, अत्तर ‘त्सुकेरु’ म्हणजे लावणे. आणि मुखपट्टी, कर्णभूषणे वगैरे किरकोळ बाबींसाठी ‘सुरु’, म्हणजे नुसते ‘करणे’, हीही मुभा आहे.

जपान्यांच्या सुप्रसिद्ध शिष्टाचारातून हे वैविध्य उपजले असावे, असाही एक तर्क ऐकू येतो. तो निराधार आहे. आदरार्थ ‘ओमेशि नि नारु’ असा स्वतंत्र प्रयोग त्या भाषेत आहेच. वरील वाटणी मात्र वस्त्र देहाला कोणत्या ठिकाणी व कोणत्या क्रियेने भिडते, एवढेच पाहते.

‘हाकु’चा तपशील विशेष पाहण्याजोगा आहे. उच्चार एक असला तरी पादत्राणांसाठी एक चित्राक्षर, विजारीसाठी दुसरे. आणि हे दुसरे सरकारमान्य अक्षरांच्या यादीत नसल्यामुळे विजारीचे ‘हाकु’ बहुधा साध्या काना लिपीतच लिहिले जाते. तिसरे अक्षर तलवारीचे. धार खाली करून कमरेला टांगलेली ‘ताचि’ ही ‘हाकु’, तर धार वर ठेवून ओबीत खोवलेली ‘काताना’ ही ‘सासु’, इतका बारीक भेद सामुराई पाळत असत. 1876 च्या हुकुमाने सर्वसामान्यांस तलवार लावून हिंडण्याची मनाई झाली आणि तलवारीचे ‘हाकु’ व्यवहारातून उठून इतिहासाच्या दप्तरात गेले. ‘सासु’ मात्र आज छत्री धरण्याच्या कामी येते, हा एका शूर क्रियापदाचा उत्तरकाल म्हणावा.

मराठी माणसाने या साऱ्याने गांगरून जाण्याचे कारण नाही, कारण लुगडे नेसणे, सदरा घालणे, फेटा बांधणे, शाल पांघरणे आणि दागिने लेणे हे भेद आपण नकळत पाळतोच. परंतु आपल्या खणांत जपानी क्रियापदे जशीच्या तशी बसतील, ही समजूत इंग्रजीच्या वाटेने आलेल्या चुकीइतकीच फसवी आहे. आपण न शिवलेले वस्त्र कमरेभोवती घेतले की ‘नेसतो’ आणि शिवलेले ‘घालतो’, म्हणून धोतर व विजार यांची क्रियापदे निराळी. जपानी ‘हाकु’ शिवणीची चौकशी करीत नाही. उलट फुन्दोशि हा तेथील लंगोट कमरेखालचा असूनही ‘शिमेरु’, जसा आपला पैलवान तो कसतो.

व्याकरणातही एक चकवा आहे. ‘-ते इरु’ म्हणजे चालू क्रिया, असे घोकलेला विद्यार्थी ‘किमोनो ओ किते इरु’ या वाक्याचा अर्थ ‘किमोनो घालीत आहे’ असा लावतो, पण त्याचा सामान्य अर्थ ‘किमोनो घातलेला आहे’ असा असतो. येथे मराठी खरोखर उपयोगी पडते, कारण ‘नऊवारी नेसली आहे’ हे आपले वाक्य नेमकी तीच स्थिती सांगते. क्रिया खरोखर चालू असल्याचे सांगावयाचे तर ‘किते इरु तोकोरो’ म्हणावे.

घालण्याची इतकी क्रियापदे असता काढण्याचीही तितकीच असतील, अशी धास्ती कोणी बाळगू नये. ‘किरु’ व ‘हाकु’ यांचे सर्व काही ‘नुगु’ने उतरते, चष्मा आणि अंगठी ‘हाझुसु’ने, आणि टोपीला ‘नुगु’ किंवा ‘तोरु’ कोणतेही चालते. किमोनोचा खांदा उघडा करून कामाला हात घालण्याच्या जुन्या रिवाजावरून, कोणाच्या मदतीस सरसावण्याला जपानीत ‘हितोहादा नुगु’ म्हणतात. आपल्याकडे त्याच प्रसंगी पदर खोचतात.