तक्त्यातील त्रुटिसंदेश आणि तंजावरची एक यादी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात, भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी तो १८०३ साली, म्हणजे शके १७२५ मध्ये, कोरविला. ही दोन्ही साले वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावीत; पुढे त्यांचे काम पडणार आहे.

नोकरीनिमित्त २००६ च्या सुमारास मला काही काळ तंजावरात राहण्याचा योग आला. तेथील जुन्या मराठी घराण्यांपैकी एका वयोवृद्ध गृहस्थांशी परिचय झाला. शिक्षकी पेशातून निवृत्त झालेले, घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ बोलणारे. पूर्वजांचे मोडी कागद त्यांनी फडक्यात बांधून एका लाकडी पेटीत जपले होते. राजे दुसरे सरफोजी आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या काळातील कागद त्यांत होते, तसे १८५५ साली कंपनी सरकारने राज्य खालसा केल्यानंतरचेही होते; अगदी १९२० पर्यंतचे. मोडी जाणणाऱ्या एका परिचितांकडून त्यांनी ते वाचून घेतले, तिथींच्या इंग्रजी तारखा काढून घेतल्या आणि सर्व कागदांची यादी एक्सेल २००३ मध्ये करावयास घेतली. टंकलेखनाचे काम त्यांच्या भाच्याकडे होते. तो नुकताच संगणकाचा वर्ग पूर्ण करून आला होता.

यादीच्या शेवटच्या स्तंभात प्रत्येक कागदाचे वय काढावे, अशी त्या गृहस्थांची इच्छा. भाच्याने आजच्या तारखेतून कागदाची तारीख वजा करण्याचे सूत्र लिहिले. विसाव्या शतकातील कागदांची वये चटकन आली. उरलेल्या साऱ्या ओळींत मात्र एकच शब्द उमटला : #व्हॅल्यू!

आपण ज्याला बोलताना ‘एरर आला’ म्हणतो, तो हा त्रुटिसंदेश. त्याचा अर्थ इतकाच की, सूत्राला ज्या प्रकारची वस्तू हवी होती ती मिळाली नाही. आकडा हवा होता, मजकूर मिळाला. ‘१२/०६/१८०१’ ही आपल्या दृष्टीने सरळ तारीख आहे. एक्सेलच्या दृष्टीने ती तारीखच नव्हे. एक्सेलचा काळ १ जानेवारी १९०० रोजी सुरू होतो. त्या दिवसाला तो १ हा क्रमांक देतो, दुसऱ्या दिवसाला २, आणि अशा मोजणीने १ जानेवारी २००६ हा दिवस ३८७१८ ठरतो. कप्प्यात आपल्याला तारीख दिसते. आत साठवलेला असतो तो हा क्रमांक. मुदत ठेवीचे दिवस मोजताना दोन तारखांची वजाबाकी इतकी सहज होते ती त्यामुळेच. पण १९०० पूर्वीच्या दिवसाला क्रमांकच नाही. म्हणून तशी तारीख साधा मजकूर म्हणून जशीच्या तशी ठेवली जाते आणि गणिताची वेळ आली की संदेश उमटतो. १६७० च्या दशकात व्यंकोजी राजांनी तंजावर घेतले तेव्हापासून १८५५ पर्यंतचे अवघे मराठी राज्य, या हिशेबाने, एक्सेलच्या काळाबाहेर पडते.

जाता जाता एक गंमत. याच मोजणीत ६० हा क्रमांक २९ फेब्रुवारी १९०० या दिवसाला दिलेला आहे, आणि असा दिवस कधी उगवलाच नाही. १९०० हे लीप वर्ष नव्हते. ही चूक मूळची लोटस १-२-३ या १९८३ सालच्या प्रणालीची. तिच्यातील तक्ते एक्सेलमध्ये बिनबोभाट उघडावेत म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून पत्करली आणि आजही ती तेथेच आहे.

आता आपल्या यादीकडे वळू. दोन दिवसांनी भाचा हसतमुखाने म्हणाला, “मामा, आता कुठेच एरर नाही.” खरोखरच नव्हता. प्रत्येक ओळीत वय आले होते. त्या गृहस्थांनी मोठ्या कौतुकाने छापील प्रत मला दाखविली. वाचता वाचता एका ओळीपाशी मी अडखळलो : १२ जून १९०१, सरफोजी महाराजांच्या दरबारातून मिळालेल्या वेतनाची नोंद. महाराज १८३२ मध्येच निवर्तले होते! चौकशीअंती उलगडा झाला. मुलाने ‘एडिट’ मेनूतील ‘रिप्लेस’ ही आज्ञा वापरून तारखांमधील ‘/१७’ आणि ‘/१८’ यांच्या जागी सरसकट ‘/१९’ घातले होते. संदेश नाहीसे झाले. त्यांच्याबरोबर दोन शतकेही गेली. १७१५, १८१५ आणि १९१५ हे तिन्ही कागद आता एकाच साली जमा झाले होते, आणि कोणता खरा १९१५ चा हे तक्त्यावरून सांगणे अशक्य होते. मूळ फाइल त्याच नावाने जतन झालेली. एक प्रत कुटुंबातील इतरांकडे टपालाने रवानाही झाली होती.

मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. संदेश दिसला की तो घालविणे हेच काम, अशी समजूत आपल्या कार्यालयांतूनही सर्रास आढळते. म्हणून या संदेशांची थोडी ओळख करून घेऊ.

सर्वांत निरुपद्रवी म्हणजे कप्पाभर पसरलेली ##### ही चिन्हे. बहुतेक वेळा स्तंभ अरुंद पडलेला असतो. शीर्षकाच्या उजव्या कडेवर दोनदा क्लिक केले की आकडा दिसू लागतो. #डिव्ह/०! म्हणजे शून्याने किंवा रिकाम्या कप्प्याने भागाकार. थकबाकीची टक्केवारी काढताना एखाद्या शाखेचा कर्जाचा आकडा भरावयाचा राहिला असेल, तर हा येतो. ‘इफ’ हे फल वापरून छेद शून्य असल्यास कप्पा कोरा ठेवता येतो. मात्र आकडा खरोखर शून्य आहे की भरावयाचा राहिला आहे, हे आधी पाहावे.

#नेम? हा संदेश सूत्रातील नाव ओळखता न आल्याचे सांगतो. स्पेलिंग चुकले असेल हे उघड कारण. पण २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत आणखी एक कारण होते, आणि बँकेच्या कामात ते हटकून आडवे येई. ठेवीची मुदत महिन्यांत मोजणारे ‘ईडेट’ हे फल त्या आवृत्त्यांत आपोआप उपलब्ध नसे. ‘टूल्स’ मेनूतील ‘ॲड-इन्स’ मध्ये जाऊन ‘ॲनालिसिस टूलपॅक’ समोर खूण केली की तेच सूत्र निमूटपणे चालू लागे. २००७ च्या आवृत्तीपासून ही अडचण उरली नाही.

#रेफ! आला की हात थांबवावा. सूत्र ज्या कप्प्याचा आधार घेत होते तो कप्पाच कोणी तरी काढून टाकला आहे. लगेच ‘अनडू’ करावे; जुन्या आवृत्त्यांत मागची फक्त १६ पावले परत घेता येत. ते न साधल्यास फाइल जतन न करता बंद करणे बरे. #नम! ची गाठ कर्जदारांना पडते ती व्याजदर काढताना. एक लाखाचे कर्ज, २,२०० रुपयांचे ६० हप्ते, हे दोन्ही आकडे ‘रेट’ या फलास धन चिन्हाने दिले तर त्याला पैसे येतच आहेत, जात नाहीत, असे दिसते आणि असा कोणताही व्याजदर संभवत नाही. हप्त्यापुढे उणे चिन्ह द्यावे, म्हणजे मासिक दर मिळतो. #नल! क्वचितच भेटतो, दोन पट्ट्यांच्या मध्ये स्वल्पविराम किंवा विसर्गचिन्हाऐवजी नुसती मोकळी जागा पडलेली असते.

#एन/ए हा शोधाचा संदेश आहे. ‘व्हीलुकअप’ने खातेदाराचे नाव शोधले आणि ते यादीत सापडले नाही. पुष्कळदा नाव असते, पण त्याच्या शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा असते. ‘ट्रिम’ या फलाने ती जाते. येथे एक सावधगिरी हवी. ‘व्हीलुकअप’चा शेवटचा घटक म्हणून ‘फॉल्स’ लिहिले नाही, तर नेमके नाव न सापडल्यास ते जवळपासचे नाव उचलते आणि दुसऱ्याच खातेदाराची शिल्लक समोर ठेवते. त्या वेळी कोणताही संदेश येत नाही.

एखाद्या मोठ्या तक्त्याच्या बेरजेतच संदेश आला, तर उगम शोधण्यासाठी २००३ च्या आवृत्तीत ‘टूल्स’, ‘फॉर्म्युला ऑडिटिंग’, ‘ट्रेस एरर’ असे जावे लागे. बाण काढून तो कप्पा दाखविला जातो.

मला अधिक भय वाटते ते न बोलणाऱ्या चुकांचे. एका कप्प्यात कोणी ‘५००० रु.’ असे टंकले असेल, तर अधिक चिन्हाने केलेली बेरीज #व्हॅल्यू! दाखवून अडते, ‘सम’ हे फल मात्र तो कप्पा वगळून पुढे जाते आणि बेरीज पाच हजारांनी कमी येते. पंधराहून अधिक अंकांचा खाते क्रमांक साध्या कप्प्यात लिहिला, तर पंधराव्या अंकापुढील सर्व अंक शून्य होतात. क्रमांकाच्या आरंभीची शून्येही गळून पडतात. पगाराची यादी बँकेकडे पाठविणाऱ्या संस्थांनी म्हणूनच तो स्तंभ आधी ‘टेक्स्ट’ करून मगच क्रमांक भरावेत. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल, तर ०५/०४/२००३ ही ५ एप्रिलची तारीख ४ मे ठरते. २५/०४/२००३ मात्र मजकूर म्हणून डाव्या कडेला सरकते. आकडे आणि तारखा कप्प्यात उजवीकडे, मजकूर डावीकडे, हा मूळचा नियम. स्तंभाच्या कडेवरून नुसती नजर फिरविली तरी पुष्कळ काही कळते.

अशा मौनाची किंमत मोठी असू शकते. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरदात कोरोनाच्या सुमारे १६ हजार रुग्णांच्या नोंदी दैनंदिन आकड्यांतून निसटल्या. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढील नोंदी बाहेर राहिल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातील लोकांना सूचना मिळण्यास विलंब झाला.

तंजावरच्या यादीतही अशी मौने होतीच. काही कागदांवरचे शकाचे साल भाच्याने तसेच तारखेच्या स्तंभात लिहिले होते. शके १७२५ तेथे लिहिले की एक्सेल त्याला १७२५ वा दिवस समजतो आणि दाखवितो २० सप्टेंबर १९०४. ‘डेट’ या फलास १८०३ हे साल दिले, तर ते त्यात १९०० मिळवून ३७०३ करते. दोन्ही वेळा कप्पा नीटनेटका दिसतो.

अखेर आम्ही नव्याने आरंभ केला. मूळ कागदावरील तिथी व शक जसेच्या तसे मजकूर म्हणून एका स्तंभात. इंग्रजी वर्ष, महिना आणि दिवस तीन स्वतंत्र स्तंभांत, साध्या आकड्यांच्या रूपाने. वय काढावयास वर्षातून वर्ष वजा केले की पुरे. ओपनऑफिसच्या कॅल्कमध्ये १९०० पूर्वीच्या तारखा चालतात, पण मुलाच्या हाताला एक्सेलची सवय होती. प्रत्येक ओळीसाठी पेटीतला कागद पुन्हा उघडावा लागला. मामा वाचत, भाचा टंकित करी, आणि रविवारी मी ताडून पाही. बाहेर गेलेली प्रत पत्र लिहून परत मागविली.

दोन कागदांचे कोपरे कसरीने खाल्ले होते. त्यांवरचे साल कोणालाही लागेना. भाच्याने ते कप्पे कोरे ठेवले होते. एक्सेलमध्ये ‘एनए’ नावाचे एक फल आहे, माहिती उपलब्ध नाही हे स्वतःहून नोंदविण्यासाठी, असे मी सांगितले. मामांनी ते दोन्ही ठिकाणी घालावयास लावले. त्या ओळींतील वयाच्या स्तंभातही मग #एन/ए उमटले, आणि यादी तशीच छापली गेली.